सोडलेलं मीठ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर पिळणं. सोलापुरी चादर, भिजल्यावर म्हशीसारखी जड. पेणकरपाड्याच्या चाळीत, मोरीबाहेरच्या फरशीवर, एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला लीला, माझी बायको. मी पीळ घालीन त्याच्या उलटा तिनं घालायचा, हे इतक्या वर्षांत कधी सांगावं लागलं नव्हतं. त्या सकाळी ती माझ्याच बाजूनं फिरवत होती. चादर नुसती गोल फिरत होती, पाणी काही निघेना.

"अगं, उलटी पीळ की. माझ्या बाजूनं काय फिरवतेस?"

"तुम्हीच उलटे झालात," ती म्हणाली. "माझी बाजू बरोबर आहे."

हसली, आणि हसता हसता तिच्या हातून टोक सुटलं. चादर फरशीवर पडली. ती आपल्या हाताकडे बघत राहिली, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा हात. "मुठीत बळच नाही हो आज," म्हणाली. आदल्या दिवसापासून तिला जुलाब होत होते. भादव्यात पाड्यातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी पोट धरून बसलेलं असायचं, त्याचं कुणाला फार वाटायचं नाही. मी चादरीचं एक टोक गुडघ्यांत धरून एकट्यानंच पिळली, दोरीवर टाकली, डबा उचलला. उंबऱ्यातून विचारलं, "साखरमिठाचं पाणी पितेयस ना?"

"पितेय."

"मीठ?"

"सोडलंय," ती म्हणाली.

मी निवांत मनानं कामावर गेलो. दिवस मावळायच्या आत ती गेली.

यंदाचा चातुर्मास लागला म्हणून हे पुन्हा वर आलं. चाळ कधीच पडली, तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत मी राहतो. लिफ्ट बंद असली की बायका जिन्यात भेटतात, आणि या दिवसांत बोलणं एकच, कोण काय सोडणार. एकीनं वांगं सोडलं, एकीनं कांदा-लसूण. वरच्या मजल्यावरच्या सुनेनं मोबाइल सोडला म्हणे, पण दोनच दिवसांत तो परत तिच्या कानाला. "काका, तुम्ही काय सोडलंत?" एकीनं गमतीनं विचारलं. "जिना," मी म्हटलं. "गुडघ्यांनी सोडला." सगळ्या हसल्या. मी घरात येऊन दार लावून घेतलं. देवाच्या नावानं चार गोष्टी सोडायला माझी ना नाही. मला तो शब्दच ऐकवत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. शब्दांचं मला एरवी काही पडलेलं नसतं. ज्या कामाला जो शब्द, तो वापरायचा आणि पुढे जायचं. हाटकेशला पत्र्याच्या गाळ्यात मी कामाला होतो. नळाच्या तोट्या, सायकलची हँडलं, कपाटाच्या मुठी, असला माल मळका यायचा आणि आरशासारखा होऊन जायचा. याला आम्ही पाणी चढवणं म्हणायचो. आमच्याकडे सगळंच पाणी. खाराचं पाणी, तेजाबाचं पाणी, निकेलचं हिरवं पाणी. नवीन माणसाला पहिल्या दिवशी एवढंच बजावायचं, इथं कुणी पाणी म्हटलं तर ते पिऊ नकोस.

टाक्या रांगेनं मांडलेल्या. पहिली खाराची, मालावरचं तेल-चिकट काढायला. मग तेजाबाची, गंज खायला. शेवटी निकेलची, तिच्यात वीज सोडलेली. आणि खार नि तेजाब यांच्या मधे साध्या पाण्याची एक टाकी. तिच्यात बुचकळल्याशिवाय माल पुढे न्यायचा नाही. खारात भिजलेला माल तसाच तेजाबात गेला की टाकी फसफसते, तापते, तोंडावर येते. दोघं एकमेकांना मारतात. मारतात हाच आमचा शब्द. तेजाब सांडलं की वर चुना टाकून ते मारायचं. फेस यायचा, वाफ निघायची, फरशी थोडा वेळ कण्हल्यासारखी चुरचुरायची आणि मग गप्प व्हायची. गाळ्यातली हवासुद्धा खाणारी होती. दाराचं कुलूप वर्षभरात झिजून हातात यायचं. माझ्या बनियनची चाळण व्हायची. डब्याचं झाकण आधी काळं पडलं, मग त्याला भोक पडलं. लीला ते भोक उजेडाकडे धरून त्यातून माझ्याकडे बघायची. "डब्याला खाल्लंन, बनियनला खाल्लंन," म्हणायची. पुढचं बोलायची नाही.

निकेलच्या टाकीचं पाणी काम करून करून दुबळं होतं. मालावर चमक धरत नाही, कडा काळ्या पडायला लागतात. मग आमचा मिस्त्री रामसूरत त्या टोकावरून ओरडायचा, "अरे भाऊ, नमक डाला क्या?" निकेलचं मीठ हिरवं असतं, मोरचुदाच्या भावासारखं. मी त्याची पिशवी टाकीत रिकामी करायचो आणि इकडून ओरडायचो, "सोडलं!" मीटरचा काटा वर चढायचा, पाणी वीज धरायचं, माल उजळायचा. मीठ सोडलं म्हणजे काळजी मिटली. इतकी वर्षं त्या शब्दाचा माझ्या डोक्यात हाच अर्थ बसलेला.

लीला मिठागरातली. रायगडात खाडीकाठी तिचं गाव, बाप आयुष्यभर मिठात उभा. त्याच्या तळपायांना इतकं मीठ लागलेलं की पावसाळ्यातसुद्धा ते भेगाळलेले असायचे. लग्न करून तिला मुंबई म्हणून आणली, आणि मीरा रोडला उतरून बघते तर समोर पुन्हा मिठागरंच. "एवढं लांब आणलंत," ती म्हणाली, "आणि परत मिठातच घातलंत." त्या काळात इथं इमारती कमी आणि पाणथळ जास्त होती. उन्हाळ्यात पांढरे ढीग डोळ्यांवर यायचे. पावसाळ्यात मिठागर मरतं. ढिगांवर पेंढा शाकारलेला, बाकी नुसतं करड्या रंगाचं पाणी, वारा आला तरी न हलणारं. गाळ्यांच्या मागून एक ओढा त्या बाजूला जायचा. एका काठानं हिरवट, एका काठानं पिवळट, आणि दोन्ही पाणी जिथं एक व्हायची तिथं सापासारखं फुत्कारायचं. लीला त्याच्या बाजूनं कधी चालायची नाही. पदर नाकाला लावून पलीकडून जायची.

त्या वर्षी आमची वैशाली दहावीला होती. एकुलती एक. पाठ मोठ्यानं म्हणायची खोड होती तिला. "आम्ल, आम्लारी, क्षार," हे सगळ्या चाळीला पाठ झालं होतं. मी चहा पिता पिता विचारलं, "वैशू, आमचा खार म्हणजे तुमचा क्षार ना गं?"

"नाही हो बाबा. तुमचा खार म्हणजे आमची आम्लारी. क्षार म्हणजे मीठ."

"मग मीठच म्हणा की."

"आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारतात ना, तुम्ही म्हणता तसं? त्यातून जे उरतं ते मीठ."

मला हे नवीन होतं. आयुष्यभर मी तेजाब मारत आलो आणि मेल्यावर काय उरतं ते कधी बघितलं नव्हतं.

शाळेतून तिला एक प्रयोग सांगितला होता. रेडिओचे सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, पेन्सिलीतली दोन शिसं, एक पेला पाणी. आमच्या विहिरीच्या पाण्यात बल्ब आधीच मिणमिणायला लागला. "आपलं पाणीच मेलं खारट," लीला म्हणाली. मग पागोळीचं पाणी धरलं. त्यात काही नाही. बल्ब आंधळा. "आई, आता मीठ घाल." लीलानं चमच्यानं मीठ घातलं, ढवळलं, परत घातलं. बल्बातली तार आधी लाल झाली, मग हळूहळू उजळली, देवापुढच्या निरांजनाएवढी.

"अगं बाई! मिठावर दिवा लागतो?"

"मिठावरच लागतो. नुसतं पाणी वीज नेत नाही. मीठ ही विद्युत अपघटनी आहे."

"काय म्हणालीस? अपघाती?"

"अपघटनी, आई! अप-घट-नी!"

"असेल बाई. मला अपघातीच ऐकू आलं."

आम्ही तिघंही हसलो. त्या उजेडात लीलाचा चेहरा खालून लाल दिसत होता. तिनं लहान मुलीसारखं एक शीस पाण्यातून बाहेर काढलं. बल्ब गेला. परत बुडवलं, आला. परत काढलं. "पुरे गं," मी म्हटलं. का कोण जाणे, मला ते बघवलं नाही.

मग ते कुंकवाचं झालं. लीलाचं कुंकू माहेरचं असायचं. तिची आई हळदीला चुन्याचं पाणी देऊन ते घरी करायची, आणि लीला कपाळाला मेण लावून वर ते टेकवायची. बाजारातलं तिला चालायचं नाही. ज्येष्ठातली गोष्ट. पाऊस पडत नव्हता, आभाळ मात्र पत्र्यावर येऊन बसलेलं. मी डबा विसरलो म्हणून ती गाळ्यावर आली आणि दाराशी, तेजाबाच्या टाकीजवळच, रामसूरतच्या बायकोची चौकशी करत उभी राहिली. हवा जड असली की टाकीची वाफ वर जात नाही, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर लोंबत राहते. आम्हाला त्याची सवय. ती खोकत खोकत घरी गेली. पाड्यात शिरताना आमची चाळीची मालकीण, भानूआजी, ओट्यावर मासळी निवडत होती. ती मूळची इथलीच, अस्सल पाड्यातली. तिनं मान वर केली आणि कोयता खाली ठेवला.

"काय गो लीले, कुकू पिवला कसा झाला तुजा?"

लीलानं आरशात बघितलं. कुंकू कडेनं पिवळं पडलं होतं, मधे तेवढा लाल ठिपका. पिकलेल्या फोडासारखं दिसत होतं म्हणे.

वैशूनं लगेच पुस्तक उघडलं. "आई, हळदच आहे ती. आम्लानं पिवळी, आम्लारीनं लाल. बाबांच्या तेजाबाची वाफ लागली, बस." तिनं पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन आईच्या कपाळाला लावला. कुंकू डोळ्यांदेखत लाल झालं. "बघ! झालं की नाही?"

"झालं," लीला म्हणाली. "तुझ्या पुस्तकात कशानं होतं ते लिहिलंय. माझ्याच कपाळावर का झालं, ते लिहिलंय का?"

आणि ती माझ्याकडे बघायला लागली. बाईचं कुंकू म्हणजे कुणाचा जीव, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून ती माझ्याकडे असं बघायची, जणू मी उंबरा ओलांडताना धड आहे का, याची कुणीतरी तिला झडती घ्यायला लावली आहे. संध्याकाळी मी आलो की ती माझ्या हातांवर सोडा घातलेलं पाणी ओतायची. ते पहिल्यापासूनचं होतं. दिवसभर तेजाबानं भरलेल्या भेगांत सोडा गेला की बारीक फेस यायचा, आग थांबायची.

"सोडा आण गं," मी दारातून म्हणायचो.

"तेच म्हणतेय मी. सोडा."

"अगं, खायचा सोडा."

"आणि मी नोकरी म्हणतेय."

यावर मी हसायचो. पहिल्यांदा तीही हसायची, मग नुसती मी हसायचो ते बघायची. मला दुसरं काही येत नव्हतं, आणि जे येत होतं ते मला आवडत होतं, हे खरं सांगतो. मळकं आत जातं, चकचकीत बाहेर येतं. असं काम किती जणांच्या नशिबात असतं?

आषाढात तेजाबाचा एक कॅन बुडातून फाटला आणि माझ्या पायावर आला. रामसूरतनं पाण्याचा पाइप धरला, वर सोडा ओतला. पोटरीची कातडी भाजलेल्या पापडासारखी वर आली, पण पाय वाचला. लंगडत घरी आलो. लीला रडली नाही, ओरडली नाही. पट्टीकडे बघत बसली. मला वाटलं, आता हिचं रोजचं सुरू होईल. झालं उलटंच. त्याच आठवड्यात आषाढी एकादशी आली, आणि तिथून पुढे नोकरी सोडा हे शब्द तिनं काढले नाहीत. हातांवर पाणी ओतताना गप्प. चेहऱ्यावर एक निवांतपणा, काहीतरी देऊन आल्यासारखा. मला वाटलं, ऐकलंन. बाईनं ऐकलंन म्हणून मी खूष. आता वाटतं, घर एकदम गप्प झालं की माणसानं आधी घाबरावं.

तो चातुर्मास मला आठवतो तो असा, तुकड्यातुकड्यांनी. भाजीत मीठ कधी कमी, कधी दुप्पट. जिच्या हातानं मीठ कधी चुकलं नाही, ती आता वैशूला हाक मारायची, "ये गं, मीठ बघ." मी म्हटलं, "मिठागरातली ना तू? हात बिघडला का?" तर म्हणाली, "जीभ म्हातारी झाली." आमच्यानंतर जेवायची, पाठ करून. तांदूळ निवडता निवडता भर दुपारी झोपून जायची, ताटात बोटं तशीच. पायात गोळे यायचे. कप हातून निसटायचे. गणपतीला करंज्यांचं सारणसुद्धा वैशूनंच चाखलं. चाळीच्या नाक्यावरच्या डॉक्टरनं ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून एक बारीक पांढरी गोळी दिली होती, त्या गोळीनं लघवी फार व्हायची. "मीठ जपून खा," असंही तो म्हणाला. हे मला सांगताना तिचा चेहरा उजळला. "बघा, डॉक्टरसुद्धा तेच म्हणाले!" तेच म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. डॉक्टर काही चुकीचं बोलला नव्हता. तो जपून म्हणाला.

बाहेर पाऊस ओसरत आला होता आणि भादव्याचं ऊन मिठागराच्या पाण्यावर पडून उकाडा वर येत होता. भानूआजीच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं. ओट्यावर माशा. आमच्या दारातली तुळस मुळापासून काळी पडली, आणि वैशूनं मातीला जीभ लावून सांगितलं की माती खारट झालीय. लीलानं ती कुंडी दारातून उचलून मागे नेली. कुणी पाहू नये असं काहीतरी त्यात असावं, अशी.

आणि मग ती चादरीची सकाळ.

दुपारी चाळीतला रिक्षावाला गाळ्यावर आला. म्हणाला, "चला, वहिनींना नेलंय." वैशू शाळेतून आली तेव्हा लीला मोरीत बसून तिला भलत्याच नावानं हाक मारत होती, आपल्या मेलेल्या बहिणीच्या. भानूआजीनं आणि तिनं मिळून रिक्षात घातलं. मीरा रोडला एका लहानशा हॉस्पिटलात ती खाटेवर होती, सलाईन लावलेली, डोळे उघडे पण कुणावरच नसलेले. कपाळावर कुंकू नीट होतं. मी पहिलं तेच बघितलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होती, चांगली होती. तिनं मला बाजूला घेतलं. "काका, यांच्या रक्तातलं मीठ फार खाली गेलंय. सोडियम, पोटॅशियम, दोन्ही. जुलाबात जातं, पण इतकं नाही. जेवणात मीठ खात नव्हत्या का?"

"खात होती की. आमच्या घरात मीठ असतंच."

"आज काही दिलंत? साखरमिठाचं पाणी?"

"हो. सकाळी मी विचारून गेलो ना. म्हणाली, मीठ सोडलंय."

वैशू भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलो नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आईनं मीठ सोडलं होतं. चातुर्मास संपेपर्यंत. तुमच्यासाठी. ज्याच्यासाठी करायचं त्याला सांगितलं तर फळत नाही, म्हणून मला शपथ घातलीन. सकाळी मी म्हटलं, आई, आज तरी घे. तर म्हणाली, कार्तिकीला घेईन."

कानात रामसूरतचा आवाज आणि माझा आवाज. नमक डाला क्या? सोडलं! मी माझ्या टाकीचा शब्द ऐकून घराबाहेर पडलो होतो, आणि ती तिच्या देवाचा शब्द बोलली होती. दोघंही खरं बोललो. तिला व्रतात खोटं बोलायचं नव्हतं आणि मला सांगायचंही नव्हतं, आणि त्या एका शब्दात दोन्ही बसलं. तिनं तो मुद्दाम निवडला की तोंडात आला, हे मला कधीच कळणार नाही. लोक म्हणतात, जिवाला लावून घेऊ नका. मी लावून घेत नाही. चूक माझी नाही, तिचीही नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगीन. पण शब्दाला कुठं जाऊन पकडणार?

"मग मीठ भरा की," मी डॉक्टरीणबाईला म्हटलं. "आता भरा. सगळं भरा."

"तेच चाललंय, काका. पण एकदम भरता येत नाही. हळूहळूच चढवावं लागतं, नाहीतर मेंदूला धोका. आपल्या अंगात वीज वाहते ती याच मिठावर. हृदयसुद्धा त्याच्यावर चालतं."

मला तिनं आणखी सांगायची गरज नव्हती. पागोळीच्या पाण्याचा पेला मी बघितला होता. सलाईन थेंब थेंब पडत होतं आणि मी टाकीवर उभा असल्यासारखा काटा वर चढायची वाट बघत होतो. तिचे पाय चोळत होतो. तळवे गार, बापासारख्या बारीक भेगा पडलेले. एकदा तिनं मला ओळखलं. खात्री आहे माझी. माझ्या हाताकडे बघितलं, भेगांकडे, आणि म्हणाली, "सोडा लावला?"

"लावला," मी म्हटलं. लावला नव्हता.

मग झटके आले. मग उशाजवळच्या यंत्रावरची हिरवी रेघ वाकडीतिकडी झाली, उड्या मारायला लागली, आणि कुणीतरी पाण्यातून शीस बाहेर काढावं तशी गेली.

बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. तिला नेसवली, कपाळ कुंकवानं भरलं, माहेरच्याच. लालभडक होतं, कुठं पिवळ्याचा ठिपका नाही. भानूआजी माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तिचा वरत फललं रं. तू हायस." मी तिच्या अंगावर धावून गेलो नाही, एवढंच. म्हातारी माझ्या भल्याचंच बोलत होती. आणि पुढे ते खरंच झालं. रामसूरत खोकून खोकून गावी गेला तो तिकडचाच झाला. गाळा पडला, तिथं आता दुचाक्यांचं शोरूम आहे. मिठागरांच्या बऱ्याच भागावर इमारती आल्या. मी अजून आहे. गुडघे सोडले तर धडधाकट आहे. वैशू दरवर्षी भादव्यात अविधवा नवमीला एका सवाष्णीला जेवू घालते, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं असतं ते. मी गेलो की तेही बंद. रीतच तशी आहे. म्हणजे मी जिवंत आहे तोवरच तिच्या नावाचं पान वाढलं जाणार. यात कोणी कोणाला जगवतंय, याचा हिशेब माझ्याच्यानं होत नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला चाळीतल्या आवाजांआधी जाग आली. वैशू भिंतीकडे तोंड करून झोपली होती. लीलाला ठेवली होती त्या कोपऱ्यात पसरलेल्या पिठावर दिवा तेवत होता, शेजारी पेल्यात पाणी. बाहेर दोरीवर चादर तशीच होती, एका टोकाकडून अजून ठिबकत. मी एकट्यानं पिळली होती ना. पीळ तिकडे पोचलाच नव्हता.

मी पेल्यातलं पाणी मागे नेऊन तुळशीच्या कुंडीत ओतलं. नवीन भरलं. फडताळातून मिठाची बरणी काढली. भादव्याच्या हवेनं मीठ ओलसर झालं होतं, चमच्याला चिकटत होतं, बोटानं खरवडून काढावं लागलं. भरपूर घेतलं. पेल्यात टाकलं, ढवळलं, तळाशी काही उरलं नाही असं बघून पेला दिव्याजवळ ठेवला.

भानूआजी चहा घेऊन दारात आली होती. तिनं बरणी बघितली.

"अरं, त्या पान्यान मीठ न्हाय घालीत."

"सोडलंय," मी म्हटलं.